वजनकाट्यावर न चढलेल्या कंटेनरच्या डब्याचं वजन तुम्ही मला कसं सांगता?

संध्याकाळी कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी शेवटची वेळ, गाडी अजून कारखान्यातच उभी, आणि व्हॉट्सॲपवर वजन आलंसुद्धा. चोवीस हजार किलो, अगदी गोल आकडा. काट्याची पावती मागितली तर उत्तर ठरलेलं: "मॅडम, मागच्या वेळचंच टाका ना, माल तोच आहे." अहो, माल तोच असेल, पण डबा तोच आहे का? मागच्या डब्याचं टेअर, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, वेगळं होतं. यावेळी पेट्यांना जास्त लाकूड लागलंय, मालाखालच्या फळ्या, म्हणजे पॅलेट, वेगळी आहेत. ते सगळं वजनात धरायचं असतं, की ते जहाजावर चढत नाही?

मी मस्जिद बंदरला एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. दिवसभर कस्टम्सचं शिपिंग बिल, बंदराच्या गेटसाठीचा फॉर्म १३, सील नंबर आणि व्हीजीएम, म्हणजे 'व्हेरिफाइड ग्रॉस मास', भरलेल्या डब्याचं पडताळलेलं एकूण वजन. आणि रोज, अगदी रोज, कोणीतरी मला अंदाजाने वजन टाकायला सांगतं. डोकं फिरतं हो. कारण व्हीजीएममधला पहिला शब्दच पडताळलेलं असा आहे. १ जुलै २०१६ पासून 'सोलास' या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात हा नियम जगभर लागू झाला. भरलेल्या डब्याचं वजन माल पाठवणाऱ्याने पडताळून कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही. पद्धती दोनच. एक तर भरून सील केलेला डबा काट्यावर घ्या. नाहीतर आत जाणारा प्रत्येक नग, पॅलेट, लाकूड, बांधणीचं सामान, सगळं वजन करा आणि दारावर लिहिलेलं टेअर त्यात मिळवा. मागच्या वेळचं टाका ही तिसरी पद्धत कुठल्या कागदात आहे, मला दाखवा.

आणि हा नियम कोणाच्या डोक्यातून उगाच निघालेला नाही. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नेपोली हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात मोडलं, मग ते किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात नेऊन टेकवावं लागलं. डेकवरचे कोरडे राहिलेले सुमारे ६६० डबे उतरवून वजन केले, तर १३७ डब्यांचं वजन सांगितलेल्यापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. एका डब्यात तर २० टनांचा फरक. जहाज मोडायला मुख्य कारण सांगाड्याची ताकद कमी पडली हेच होतं, ते मी नाकारत नाही. पण पाच डब्यांतला एक खोटा असताना जहाजाचा तोल मांडणारा माणूस काय मांडणार? भारी डबे खाली, हलके वर, हे तो आपण दिलेल्या आकड्यावरच ठरवतो. त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? तो लोखंडी डबा इतका काटेकोर बनवलेला असतो! चार कोपऱ्यांवरचे ते जाड लोखंडी ठोकळे जगात कुठेही गेलात तरी एकाच मापाचे. न्हावा शेवा बंदरात उचललेला डबा रॉटरडॅमच्या क्रेनला तसाच बसतो. दारावरची सीएससी प्लेट बघा, डब्यांच्या सुरक्षिततेच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराची. डबा जास्तीत जास्त किती वजनाचा भरायचा, त्याच्यावर किती भार रचायचा, आडव्या दाबाला तो किती तपासलाय, सगळं कोरलेलं. पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी, मग दर ३० महिन्यांनी, नाहीतर कंपनीची मान्य केलेली सततची तपासणी योजना. डब्याच्या नंबरातला शेवटचा आकडासुद्धा आधीच्या चार अक्षरांवरून आणि सहा आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. मी नंबर टाकताना एक आकडा चुकले की सिस्टिम तिथल्या तिथे नाकारते. वजनाच्या रकान्यात मात्र कमाल मर्यादेच्या आतलं काहीही टाका, ती गुपचूप घेते. कारण तिथे गणित नाही, तिथे माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवलाय. आणि तोच विश्वास आम्ही लोक रोज विकतोय. काट्यावर गाडी चढवायला लागणारा थोडासा वेळ आणि थोडेसे पैसे वाचवायला.

सीलचं मात्र सगळ्यांना भारी प्रेम. दाराचं बोल्ट सील आयएसओ १७७१२ या मानकाचं आहे ना, त्यावर जास्त सुरक्षिततेचा 'एच' आहे ना, इलेक्ट्रॉनिक ई-सील वाचलं जातंय ना, नंबर बिलात बरोबर आलाय ना, म्हणून दहा फोन येतात. चांगलंच आहे, यायलाच पाहिजेत. माल चोरीला गेला तर विम्याचा दावा त्या सीलवर लटकलेला असतो. पण दार कोणी उघडलं नाही एवढंच सील सांगतं. आत माल कसा लोटून दिलाय ते सील सांगत नाही. डब्यात माल कसा भरायचा ते सांगणाऱ्या २०१४ च्या सीटीयू कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय की डब्याच्या अर्ध्या लांबीत एकूण मालाच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. स्टफिंगचे, म्हणजे माल भरतानाचे, फोटो येतात माझ्याकडे. जड पेट्या सगळ्या एका टोकाला, मधे मोकळी जागा, ना अडकण (चोकिंग) ना बांधणी (लॅशिंग), बाजूला एखादी फाटकी गोणी कोंबलेली. मी फोन करते तर समोरचा म्हणतो, "दार बंद झालं, सील लागलं, आता कशाला उघडायचं?"

मग तो डबा रस्त्यावर येतो. आणि आता ज्या गोष्टीवर मला खरंच ओरडायचंय ती ऐका.

मी घोडबंदर रोडला राहते. रिक्षातून ठाणे स्टेशनला जाताना शेजारून हेच डबे जातात, ज्यांचे कागद मी भरते. ट्रेलरच्या कोपऱ्यांवर ट्विस्ट लॉक असतात. डब्याच्या ठोकळ्यातल्या भोकात ते शिरतात आणि दांडा फिरवला की डबा ट्रेलरला पकडला जातो. हाताने होणारं काम आहे. तरी तुम्ही स्वतः बघा, किती गाड्यांचे दांडे उघडे असतात. काहींचे लॉक गंजून जागेवर अडकलेले, काहींचे गायबच. एका ड्रायव्हरला मी विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, लॉक लगाया और डिब्बा पलटा, तो गाडी भी जाएगी, मैं भी जाऊंगा."

हे ऐकून मला त्याच्यावर चिडताच येईना. त्याने आतला माल पाहिलेला नाही. सील तोडायची त्याला परवानगी नाही. कागदावरचं वजन खोटं असू शकतं हे तो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखून आहे, कारण गायमुखच्या चढावर गाडी कशी ओढते ते त्याच्या पायाला कळतं. वळणावर आतला माल सरकला तर डबा कुठे झुकेल हे त्याला माहीत नाही. म्हणून तो स्वतःपुरता मार्ग काढतो. डबा पडायचा तर एकटा पडू दे. पण तो पडणार कोणावर? शेजारच्या रिक्षावर. दुचाकीवरून कामाला निघालेल्या पोरावर. वीस-पंचवीस टन लोखंड आणि माल. कारखान्यातल्या शेठने काट्याचे पैसे वाचवले, त्याची किंमत मुंब्रा बायपासवर भलताच कोणी मोजतो.

आणि अपघात झाला की बातमी काय येते? 'चालकाचा ताबा सुटल्याने कंटेनर उलटला.' संपलं. ड्रायव्हरवर गुन्हा, क्रेन येते, वाहतूक सुरळीत. डब्याचं खरं वजन किती होतं आणि कागदावर किती लिहिलं होतं, हे कोणी विचारत नाही. माल कसा भरला होता, लॉक लावले होते का, नसतील तर का नव्हते? ट्रेलरमालकाने गंजलेला लॉक कधी बदलला होता? भरणारा कुठेच नाही, कळवणारा कुठेच नाही. सगळा दोष स्टिअरिंगवर बसलेल्या एका माणसाचा!

मुंबईला तर हे शिकवायलाच नको. ऑगस्ट २०१० मध्ये चित्रा जहाजाची टक्कर आपल्या बंदराच्या तोंडाशी झाली, शेकडो डबे समुद्रात तरंगायला लागले, मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. त्यात कीटकनाशकांचे डबेही होते. कारण टक्कर होतं, वजन नव्हे. पण अशा वेळी कुठल्या डब्यात काय आहे आणि किती आहे हे सांगायला माल पाठवणाऱ्याने भरलेल्या कागदाशिवाय कोणाकडे काय असतं? तो कागद 'मागच्या वेळचाच' असेल तर पाण्यात उतरणाऱ्या माणसाने कशाच्या भरवशावर उतरायचं?

मला सांगतात, "सगळेच असं करतात, तू एकटी काय बदलणार?" बदलायला काही अवघड नाहीये हो. गेटवर प्रत्येक भरलेल्या गाडीचं वजन घ्या आणि व्हीजीएमशी ताडून बघा. फरक आला की गाडी बाजूला, आणि दंड ड्रायव्हरच्या खिशातून नाही, ज्याच्या नावाने व्हीजीएम भरलाय त्याच्याकडून. लॉक उघडा दिसला की ट्रेलरमालकाचा परवाना धरा. माल भरतानाचे फोटो शिपिंग बिलाइतकेच सक्तीचे करा.

तोवर माझ्या टेबलापुरतं सांगते. काट्याची पावती, त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ. नाहीतर सगळ्या नगांच्या वजनाची सही-शिक्क्याची यादी. ती आली नाही तर माझ्या लॉगिनमधून व्हीजीएम जाणार नाही. जहाज चुकलं तर चुकू दे, डबा अडकून राहिल्याचा दंड, डिटेन्शन, लागलं तर लागू दे. शेठला फोन करायचा असेल तर आत्ता करा आणि नाव माझंच सांगा.