"उन्हाळ्यात पिकअपची हवा कमी ठेवा" हा मेसेज पुढे पाठवू नका

गेले पंधरा दिवस भाजीच्या गाड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "समृद्धीवर सिमेंटमुळे टायर तापून फुटतात, म्हणून पिकअपच्या टायरात 15 पॉइंट (पीएसआय) हवा कमी ठेवा, वाटेत टायर गरम लागला तर थोडी हवा सोडा, 8 प्लाय टायर असेल तर कितीही माल भरा, नायट्रोजन भरला की टेन्शन नाही, आणि नक्षी आहे तोवर टायर चांगला." पाच गोष्टी आहेत, आणि नायट्रोजनचं अर्धंमुर्धं सोडलं तर पाचही चुकीच्या. हे वाचून कुणीतरी उद्या पहाटे 75 कॅरेट टोमॅटो भरून निघणार आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी हवेचं बघू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. टायर तापतो तो फक्त रस्त्यामुळे नाही, जास्त तापतो तो स्वतःच्या दुमडण्यामुळे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायर खाली दबतो आणि परत सरळ होतो, लोखंडी तार हातात धरून वाकवत राहिलं की ती जशी गरम होते तसंच. हवा कमी केली की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते, आणि समृद्धी म्हणजे 701 किलोमीटरचा सरळ रस्ता, तासन्‌तास एकच स्पीड, त्यामुळे टायरला गार व्हायला वेळच मिळत नाही. मग आतले रबराचे थर आणि स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही आणि मग एकदम सालपट निघावं तसा वरचा पट्टा निघून येतो. लोक म्हणतात हवा जास्त होती म्हणून फुटला, पण चांगला टायर त्याच्या मॅक्स प्रेशरच्या दुपटीहून जास्त हवा सहन करतो, उन्हामुळे वाढलेल्या सहा-सात पॉइंटनी तो फुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा मागचा डावा टायर असाच गेला. 60 च्या जागी 40 हवा होती, पंक्चरवाल्याने "उन्हाळा आहे" म्हणून कमी भरली होती आणि मीही मान डोलावली होती. नंतर टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून मूठभर काळी रबराची भुकटी पडली आणि साइडवॉलच्या आतल्या बाजूने गोल घासलेला पट्टा दिसला. टायर उतरवणारा माणूस तेव्हा म्हणाला, "हा कमी हवेवर पळलाय." भुकटी अजून डोळ्यासमोर आहे. तुमचा टायर गेला तर फेकायच्या आधी आत हात घालून बघा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत 2000 साली फायरस्टोनने 65 लाख टायर परत मागवले, बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे. टायरमध्ये दोष होताच, पण फोर्डने त्या गाडीला सांगितलेली हवा होती फक्त 26 पॉइंट, आणि वरचा पट्टा सुटण्याच्या केसेस टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा गरम राज्यांत जास्त निघाल्या. तिथल्या सरकारी नोंदीत 271 मृत्यू आहेत. त्यानंतरच तिकडे हवा कमी झाली की लाइट लागणारी सिस्टीम कायद्याने सक्तीची झाली. कमी हवेची, बरं का.

आता वाटेत हवा सोडायचं. सकाळी 30 डिग्रीला 60 भरली आणि पळून आतली हवा 60 डिग्रीला गेली की मीटर 67 च्या आसपास दाखवणारच. कंपनीने हे धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. तुम्ही ढाब्यावर सात पॉइंट सोडले तर टायर गार झाल्यावर 53 उरतील, आणि परतीला परत तोच खेळ.

8 प्लायवाल्या मुद्द्यावर भांडण होईल, होऊ दे. आजच्या रेडियल टायरमध्ये 8 थर नसतातच, 8पीआर (प्लाय रेटिंग) हा नुसता ताकदीचा दर्जा आहे. टायर किती वजन उचलतो ते सांगणारा खरा आकडा साइजच्या पुढे असतो, 113/111 असा काहीतरी. मागे एकेरी चाक असेल तर पहिला आकडा बघायचा, दुसरा जोडी चाकाचा. 113 म्हणजे एका टायरवर 1150 किलो, 108 म्हणजे 1000, 100 म्हणजे फक्त 800.

हिशोब करून बघा. गाडी रिकामी 1700 किलो, त्यातले मागच्या चाकांवर 750. हौद्यात 1500 किलो म्हणजे 20 किलोची 75 कॅरेट, त्यातलं साधारण 1350 मागच्या एक्सलवर येतं. झाले 2100, म्हणजे मागच्या एका टायरवर 1050. 113 चा टायर पुरतो, 108 चा नाही. आता सीझनला भाव आहे म्हणून 110 कॅरेट भरली तर मागे 2730, एका टायरवर 1365, आणि टायरची मर्यादा 1150. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून घेतलेत म्हणून गाडी बसत नाही एवढंच, टायरला पाट्यांचं काही कळत नाही.

आणि हा 1150 पण पूर्ण हवेवरच. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपला लागणारा एक साइज आहे एलटी 245/75 आर 16, तो 80 पॉइंटला 1380 किलो उचलतो आणि तोच टायर 50 पॉइंटला 1000. रबर तेच, नक्षी तीच, हवा कमी केली म्हणून 380 किलो गेले. म्हणजे मेसेज ऐकून हवा कमी आणि माल जास्त असं दोन्ही एकदम केलं तर काय होणार ते तुम्हीच बघा.

नायट्रोजन वाईट नाही, कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो. पण साध्या हवेत 78 टक्के तोच असतो, तापल्यावर प्रेशर त्याचंही तेवढंच वाढतं आणि कमी भरला तर टायर तसाच मरतो.

मग हवा किती? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर नाहीतर मॅन्युअलमध्ये पुढची-मागची वेगळी लिहिलेली असते, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची पण बऱ्याचदा वेगळी. आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन असतं. एक बरा गेज घेऊन ठेवा, पहाटे गाडी हलवायच्या आधी मोजा, स्टेपनीसकट.

नक्षीचं शेवटी राहिलं. टायरवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, 1417 म्हणजे 2017 चा 14 वा आठवडा. रबर उन्हात पडून पडून कडक होतं, नक्षी पूर्ण असली तरी. हे लिहिता लिहिता उठून आमची स्टेपनी बघून आलो, नक्षी अगदी कोरी आहे आणि आकडा नेमका 1417, तर उद्या ती आधी बदलतोय, माल परवा निघेल.