चार फुल, दोन हाफ

एस.टी. महामंडळाच्या सेवेत मी ३४ वर्षे काढली. त्यांतली पहिली ११ वर्षे वाहक म्हणून गेली आणि उरलेली सातारा आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे उन्हाळ्यात न्यू जर्सीला मुलाकडे गेलो असताना फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे ठरले आणि ‘तिकिटांचे कोण बघणार?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर आला, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, यात मला काहीच वावगे वाटले नाही. उलट निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी आपल्याला कामावर रुजू करून घेत आहे, अशा समाधानाने मी म्हणालो, “आपण दोघे, ही दोघे आणि मुले. चार फुल, दोन हाफ. त्यात बघायचे काय?”

सूनबाई मुग्धा यावर काही बोलली नाही. तिने माझ्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि ती भांडी आवरायला गेली. पुढे तीन आठवडे मला वारंवार आठवत राहिले ते तिचे हे न बोलणे.

एस.टी.चे तिकीट हा सरळ मार्गाचा व्यवहार आहे. सहा किलोमीटरचा एक टप्पा असतो, किती टप्पे ते मोजायचे, दराने गुणायचे आणि तिकीट फाडायचे. दिवाळीतली हंगामी वाढ सोडली, तर साताऱ्याहून मेढ्याला सोमवारी जा नाहीतर शुक्रवारी, भाडे तेच. प्रवाशाला विचारायचा प्रश्नही एकच असतो आणि तो म्हणजे ‘कुठे?’. लॅपटॉपने मात्र मला ‘कुठे’ हे विचारलेच नाही. त्याने विचारले, किती दिवस? मी चार म्हणालो. मग विचारले, कोणत्या तारखेपासून? कारण २०१८ पासून तिथल्या तिकिटाचा दर तारखेवर ठरतो, म्हणजे एकाच दारातून आत जाऊन एकाच झुल्यावर बसण्यासाठी मंगळवारचा माणूस एक रक्कम देतो आणि नाताळच्या आठवड्यातला माणूस त्याहून कितीतरी मोठी देतो. शिवाय चार दिवसांचे तिकीट हे सलग चार दिवस वापरायचे असेही नाही, ते सात दिवसांत केव्हाही चार दिवस वापरता येते. पाच दिवसांचे घेतले तर आठ दिवसांत. आणि जितके दिवस जास्त, तितका दर दिवसाचा भाव उतरत जातो. हे वाक्य मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले, ही माझी पहिली चूक. “अहो, पाचवा दिवस एवढा स्वस्त पडतोय, तर घेऊन टाकू या की,” ती म्हणाली. लक्ष्मी रोडवरच्या सेलमधून तीन साड्या आणायला गेलेली ही बाई पाच साड्या घेऊन आणि दोनशे रुपये ‘वाचवून’ कशी परत येते, याचा उलगडा मला चाळीस वर्षांनी झाला.

पुढचा प्रश्न कोणत्या उद्यानाचा. मी समजत होतो की डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक उद्यान, फार तर संभाजी बागेच्या दहापट. प्रत्यक्षात ती सुमारे १०० चौरस किलोमीटरची जागा आहे. १९६० च्या दशकात वॉल्ट डिस्नेच्या माणसांनी वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून तिथली दलदलीची जमीन गुपचूप विकत घेतली, जेणेकरून भाव चढू नयेत. हे वाचल्यावर मला प्रथमच त्या माणसाबद्दल आपलेपणा वाटला, कारण हायवेच्या बातमीआधी सातबारे गोळा करणारी माणसे आमच्या तालुक्यातही होऊन गेली आहेत. स्वतः वॉल्ट १९६६ च्या डिसेंबरात वारले आणि १९७१ च्या १ ऑक्टोबरला पहिले उद्यान, मॅजिक किंग्डम, उघडले तेव्हा सगळे थोरल्या भावाने, रॉयने, पार पाडले होते. नंतर १९८२ मध्ये एपकॉट आले, १९८९ मध्ये आज ज्याला हॉलीवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंग्डम. पाण्याची दोन उद्याने वेगळीच.

एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती ११ देशांचे देखावे आहेत, हे मी वाचून दाखवताच सौ.ने आपला देश कुठे आहे ते विचारले. मी यादी वाचली. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा. “मग तिथे जायचेच कशाला?” असे म्हणून तिने एपकॉट रद्द केले. मी तिला ॲनिमल किंग्डमची माहिती सांगितली. तिथे आनंदपूर नावाचे एक काल्पनिक आशियाई राज्य आहे, महाराजांच्या पडक्या महालात वाघ आहेत आणि शेजारीच एव्हरेस्ट आहे. यावर तिने, वाघ आणि पडका महाल बघायला डॉलर कशाला मोजायचे, असे विचारले, आणि या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. शेवटी सई आणि ओम या नातवंडांनी रडून-भांडून चारही उद्याने कायम केली.

आता एका दिवशी एकच उद्यान बघायचे, की ज्यादा पैसे भरून एका दिवसात हवे तितक्या उद्यानांत फिरायचे? या दुसऱ्या प्रकाराला पार्क हॉपर म्हणतात. हे मात्र मला चटकन कळले, कारण आमच्या महामंडळाची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही पासची योजना आहे, चार दिवसांची आणि सात दिवसांची. तो पास काढणारी कुटुंबे मी आयुष्यभर पाहिली आहेत. पैसे वसूल व्हावेत म्हणून ती पहाटे पंढरपूर, दुपारी तुळजापूर आणि रात्री अक्कलकोट अशी धावतात, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कोणते दैवत पावले ते सांगता येत नाही. हॉपर नको, हा एवढा एकच निर्णय मी अनुभवाच्या बळावर, पाच मिनिटांत आणि एकमताने घेतला.

माझी खरी परीक्षा पाहिली ती हाफ तिकिटाने. एस.टी.त पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस फुकट जातो, पासष्टीनंतर अर्धे तिकीट लागते, आणि अलीकडे तर सर्वच महिलांना अर्धे तिकीट आहे. तेव्हा आमच्या कुटुंबात खरे म्हणजे पूर्ण भाडे देणारा माणूस एकच, माझा मुलगा निखिल. डिस्नेच्या हिशेबात मात्र तीन वर्षांखालचे मूल तेवढे फुकट, तीन ते नऊ हे बालक आणि दहावे लागले की माणूस प्रौढ. मग तो दहाचा असो की माझ्यासारखा एकाहत्तरचा, रक्कम सारखीच. म्हातारपणाला तिथे सूट नाही. आणि आमच्या सईला २१ ऑगस्टला दहावे लागणार होते.

वाहक असताना खोट्या वयांशी माझा रोजचा सामना असे. ‘चारचाच आहे हो, अंगाने थोराड आहे’ असे सांगून दाढी फुटायच्या बेतात असलेले चिरंजीव मांडीवर बसवणाऱ्या माउल्यांना मी वडूजच्या गाडीत खाली उतरवायची धमकी दिलेली आहे. तोच मी आता न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभा राहून नात प्रौढ व्हायच्या आत जाऊन कसे यावे याचा विचार करत होतो. २१ तारखेच्या आत गेलो तर सई हाफ. पण ऑगस्टच्या उत्तरार्धात फ्लोरिडातल्या शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि तिकिटांचे दर उतरतात. म्हणजे सई हाफ असताना सगळ्यांची तिकिटे महाग आणि तिकिटे स्वस्त झाली की सई फुल. त्यातच महिनाअखेरीस गणपती, त्यामुळे हरतालिकेच्या आत परत आलेच पाहिजे. श्रावणी सोमवारी सौ.चा उपास. शिवाय तो हंगाम वादळांचा. मी कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला एकूण नऊ पर्याय मांडले, प्रत्येकात साडेसहा टक्के कर धरला आणि हे करताना दर रकमेला पंच्याऐंशीने गुणायची सवय काही जाईना. “बाबा, रुपयांत बघू नका,” निखिल म्हणे. पण सहा जणांची बेरीज रुपयांत आली, तेव्हा ती माझ्या ग्रॅच्युइटीच्या इतकी जवळ होती की मी पाणी मागवले.

बारा दिवसांनी, सर्व पर्याय तपासून झाल्यावर, मी लहान मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या तिकिटांतला फरक शांतपणे वजा करून पाहिला. तो दिवसाला जेमतेम पाच-सहा डॉलर होता. ‘हाफ’ म्हणजे अर्धे हे गृहीतक मी साताऱ्याहून सामानात बांधून आणले होते. तिथे तसे कोणी म्हटलेच नव्हते. मी ही गोष्ट दोन दिवस कोणाला सांगितली नाही. मग दर जिथे सर्वांत कमी होता, तो २२ ऑगस्टपासूनचा पर्याय गंभीर चेहऱ्याने जाहीर केला. सईला आपण आता प्रौढ आहोत याचा इतका आनंद झाला की त्या दिवसापासून तिने ओमशी बोलणे कमी केले.

ओमचा प्रश्न उलट होता. तो पाच वर्षांचा, आणि ज्याच्या नावाने तो झोपेत ओरडत असे त्या स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला उंची लागते ४४ इंच. ४४ हा आकडा माझ्या ओळखीचा, आमच्या गाडीत तेवढीच आसने असत. ओम भरला ४३. एव्हरेस्टच्या गाडीलाही ४४ च लागतात. तेव्हापासून रोज सकाळी दाराच्या चौकटीला त्याची पाठ लावून मुग्धा पेन्सिलीने खूण करू लागली, सौ. त्याला दुधातून नाचणीचे सत्त्व देऊ लागली आणि निखिलने जाड तळव्यांचे बूट आणले, ज्याला मी तत्त्वतः विरोध केला आणि प्रत्यक्षात ते दुकानात दाबून पाहिले. एका घरात एकीचे वय रोखण्याची खटपट नुकतीच फसलेली आणि दुसऱ्याची उंची ओढण्याची जोरात चाललेली, असे ते दिवस होते.

तिकिटे निघाली आणि मी हुश्श केले, तर मुग्धा म्हणाली, “बाबा, आता रांगांचे बघायला हवे.” प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि कमी वेळ रांगेत उभे राहण्याचे शुल्क वेगळे. त्याला लायटनिंग लेन म्हणतात. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ते सात दिवस आधी घेता येते, आमच्यासारख्या बाहेर, स्वयंपाकाची शेगडी असलेल्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी. सकाळी सातच्या ठोक्याला फोनवर आपापले खेळ आणि वेळा निवडायच्या. मला ही व्यवस्था अजिबात परकी वाटली नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून आसनावर रुमाल टाकणे, ते हेच. फरक इतकाच की रुमाल फुकट असतो आणि तो टाकणाऱ्याला मी ओरडत असे.

त्या दिवशी आम्ही सहाला उठलो. सौ.चा फोन उघडून तयार होतो, कारण सर्वांत वेगवान इंटरनेट तिच्याच फोनवर येते असा निखिलचा सिद्धान्त. सहा अठ्ठावन्न, एकोणसाठ, सात. मी पीटर पॅनच्या उडत्या जहाजावर बोट ठेवले आणि त्याच क्षणी पडद्यावर कराडच्या मेव्हणीचा चेहरा उमटला. तिच्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार झालेले असतात आणि चहा पिता पिता ती रोज बहिणीला व्हिडिओवर भेटते. “काय भाऊजी, आज तुम्ही फोन उचललात?” तिने विचारले. मेव्हणीचा फोन कापणे हे आमच्या घराण्यात कोणी केलेले नाही. चहाची, गुडघ्यांची आणि पावसाची चौकशी संपेपर्यंत सकाळच्या वेळा गेल्या होत्या आणि पीटर पॅन आम्हाला संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांचा मिळाला.

जेवणाचे तेवढे सुरळीत झाले. काचेची भांडी आणि दारू सोडली तर घरचे खाणे आत नेता येते, हे कळल्यावर सौ.ने प्रवासाची सूत्रे हाती घेतली आणि मेथीचे ठेपले, शेंगदाण्याचे लाडू व चिवडा यांचे डबे असे भरले की विमानाच्या वजनात आमचे कपडे कमी करावे लागले. एक रात्र मात्र मुग्धाने साठ दिवस आधी राखून ठेवली होती. ॲनिमल किंग्डमच्या लॉजमध्ये एक उपाहारगृह आहे, तिथे आफ्रिकी जेवणाबरोबर नान आणि नाना तऱ्हेच्या चटण्या मिळतात. एवढ्या लांब येऊन नान, असे मी म्हणणार होतो, पण तोवर माझा शब्दांचा साठा संपत आला होता.

प्रत्यक्ष उद्यानांत काय पाहिले ते सगळे सांगत नाही. दाराशी तिकिटाचा कागद कोणी फाडला नाही, फोन दाखवून बोट टेकवले की आत. ओम स्पेस माउंटनच्या काठीखाली उभा राहिला, बुटांसह ४४ भरला, आणि आत जायच्या ऐन वेळी त्याला ते नकोसे झाले. सईला वाढदिवसाचा बिल्ला मिळाला, तो लावून तिने दिवसभर स्वतःला कोणालाही कडेवर घेऊ दिले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ॲनिमल किंग्डमहून त्या नानच्या लॉजला जायला आम्ही डिस्नेच्या बसथांब्यावर उभे राहिलो. तिथे त्यांच्या स्वतःच्या बसगाड्यांचा ताफाच आहे. बस आली, दार उघडले, मी खिशात हात घालून चालकाला विचारले, “पाच फुल, एक हाफ, किती?” निखिलने मागून ढकलले. या बसला तिकीट नव्हते. वाहक नव्हता. कोणीही चढावे, कोठेही उतरावे, कोणी काही विचारत नव्हते. मी चालकामागच्या आसनावर बसलो, आणि गाडी सुटल्यावर सवयीने वळून माणसे मोजली. अठ्ठावीस निघाली. मग खिशातला पेन काढून उरलेल्या ठेपल्यांच्या कागदावर वेळ, मार्ग आणि प्रवासी संख्या लिहून ठेवली.