‘महत्त्वाचं असेल तर परत आठवतंच’ हा सल्ला ऐकू नका

सगळीकडे फिरणारा सल्ला असा: ‘नोट्स ॲपमध्ये काम चालू असताना मध्येच सुचलेलं टिपू नका. महत्त्वाचं असेल तर परत आठवतंच. टिपलंत तर लक्ष तुटतं. टिपायचंच तर योग्य फोल्डरमध्ये, टॅग लावून टिपा.’

परत आठवतंच? सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात ३० बाय ६० इंची मालाचं कोटेशन लिहिताना ‘पार्टीला ४५० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम वजन) हवंय की ५००?’ ही शंका येते, कारण आकडे समोर असतात. पान बंद झालं की ती आठवायला काही निमित्तच उरत नाही. फरक मात्र नगामागे ५८ ग्रॅमचा, म्हणजे हजार नगांना ५८ किलो. मग ती आठवते थेट माल काट्यावर चढल्यावर.

लक्ष तुटतं हे अर्धं खरं. ते लिहिण्यानं तुटत नाही, जागा शोधण्यानं तुटतं. ऑब्सिडियन या नोट्स ॲपमध्ये कंट्रोल+एन दाबलं की कोरं ‘अनटायटल्ड’ पान येतं, चालू काम नजरेआड होतं आणि नाव काय द्यायचं इथेच माणूस अडकतो. त्याऐवजी क्विकॲड हे कम्युनिटी प्लगइन (वापरणाऱ्यांनीच बनवलेली जोडणी) घ्या. त्यात ‘कॅप्चर’ म्हणजे टिपण्याच्या प्रकारची चॉइस (तयार आज्ञा) बनवा, फाइल ‘आवक’ द्या आणि नोंद फाइलच्या तळाशी जाईल असं ठरवा. फॉरमॅटमध्ये वेळ, मजकूर आणि चालू पानाची लिंक घ्या. चॉइससमोरचं विजेचं चिन्ह चालू केलं की ती ऑब्सिडियनच्या हॉटकीजच्या (कीबोर्ड शॉर्टकटच्या) यादीत दिसते. तिला ऑल्ट+क्यू द्या. चौकट उघडते, एक ओळ, एंटर, पुन्हा कोटेशन. लिंक गाळू नका. तिच्याविना आठवड्यानं ‘४५० की ५००?’ कोणत्या ऑर्डरचं, हे कळणार नाही.

ओळीत क्रियापद हवंच. नुसतं ‘बॉर्डर’ नको, ‘बॉर्डर डॉबी की जॅकार्ड, पार्टीला विचारणे’ असं लिहा (डॉबी आणि जॅकार्ड हे नक्षी विणण्याचे दोन प्रकार). मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत अपुऱ्या कामाची मनातली टोचणी थांबली, ती पुढचं पाऊल नेमकं ठरवल्यावर.

फोल्डर आणि टॅग संध्याकाळी. दहा मिनिटांत प्रत्येक ओळ तिच्या पानावर हलवा, उरकून टाका किंवा खोडा. फोनवरही टिपत असाल तर त्याची फाइल वेगळी ठेवा, ‘आवक-फोन’. नेट नसताना दोन्हीकडून एकाच फाइलीत लिहिलं, तर सिंकमध्ये गोंधळ होऊन दोन प्रती तयार होऊ शकतात आणि एकीतल्या ओळी कुणी बघतच नाही.