हात दाखवून अवलक्षण

पुण्यात असताना मी हातमोजे उन्हासाठी घालत असे. कोपरापर्यंतचे पांढरे सुती हातमोजे, डोळे तेवढे उघडे ठेवणारा स्कार्फ आणि खाली स्कूटी, अशा वेषात भर दुपारी लक्ष्मी रस्त्यावरून जाणारी मुलगी परगावच्या माणसाला दरोड्याला निघाल्यासारखी वाटते. पुण्यात तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ती जोडी रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून गाडीवरून न उतरता घेता येई, तिला माप नावाचा प्रकार नसे, आणि एक हरवला तर दुसऱ्याने गाडीचे सीट पुसता येई. हातमोजे निवडायलाही अक्कल लागते, हे मला वयाच्या ३८व्या वर्षी नेदरलँड्समध्ये कळले.

आम्ही उट्रेख्टच्या पश्चिमेला, लाइडसे राइन या नव्या वस्तीत राहतो, आणि माझे कार्यालय मध्यवर्ती स्थानकाजवळ, साधारण ६ किलोमीटरवर आहे. ज्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि ज्या शहराच्या स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे, तिथे ‘मी बसने जाते’ असे सांगणे म्हणजे पुण्यात ‘मी चहा घेत नाही’ असे सांगण्यासारखे आहे. कोणी काही बोलत नाही, पण तब्येतीची चौकशी सुरू होते. वाटेत अ‍ॅमस्टरडॅम-राइन कालवा आडवा येतो. त्यावर धावपटू डाफ्ने स्खिपर्स हिच्या नावाचा, २०१७ साली खुला झालेला सायकलींचा पूल आहे, आणि त्याच्या एका बाजूची चढण चक्क एका प्राथमिक शाळेच्या छपरावरून वळसा घेत वर जाते. या सपाट प्रदेशात माझ्या वाटेवरची तेवढीच चढण असल्यामुळे आमच्या घरात तिला कात्रजचा घाट म्हणतात. पुलावर वारा मात्र कायमचा मुक्कामाला असतो, आणि मी कोणत्याही दिशेला निघाले तरी तो समोरूनच येतो.

पहिल्या वर्षी मी लोकरीचे हातमोजे घालून निघाले. दिवाळीनंतर फुटपाथवर स्वेटर मांडून बसणाऱ्या तिबेटी बाईंकडून ते घेतले होते आणि पुण्याच्या १० अंशांत ते इतके उबदार वाटले होते, की सामान बांधताना मी लोणच्याची एक बरणी काढून त्यांना जागा करून दिली होती. इथे तापमान २ अंश होते. परंतु सायकल ताशी २० किलोमीटर वेगाने निघाली, की तेच २ अंश उघड्या कातडीला उणे ३ सारखे लागतात, आणि लोकरीच्या विणीतून वारा चाळणीतून पीठ पडावे तसा आरपार जातो. पुलाच्या माथ्यापर्यंत बोटे दुखत होती. पलीकडे शाळेच्या छपरावर उतरताना ती दुखायची थांबली, तेव्हा मला वाटले की सवय झाली. प्रत्यक्षात थंडी वाढली की शरीर हृदय, मेंदू, फुफ्फुसे ही घरातली वडीलधारी मंडळी आधी सांभाळते आणि बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेते. बोटांना सवय झालेली नव्हती. त्यांचा शिधा बंद झाला होता.

तो शिधा कार्यालयात पोचल्यावर पुन्हा सुरू झाला. गारठलेल्या बोटांत रक्त परत येते ते मुकाट्याने येत नाही. आधी मुंग्या, मग झिणझिण्या, आणि मग नखांखाली कोणीतरी तापलेली सुई फिरवत असल्यासारखी कळ, असे त्याचे आगमन असते. मी कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून, डोळ्यांत पाणी आणून खिडकीशी उभी राहिले, तेव्हा शेजारच्या मेजावरचा सहकारी, ज्याचे उघडे हात उकडलेल्या बिटासारखे लाल होते, अतिशय प्रेमाने म्हणाला, ‘‘आपण काही साखरेचे बनलेलो नाही.’’ ही डच लोकांची आवडती म्हण आहे आणि पाऊस वाढेल तसा तिचा वापर वाढतो. ज्या समाजात नव्या सुनेला संक्रांतीला डोक्यापासून कंबरेपर्यंत हलव्याचे दागिने घालतात, तिथून मी आले आहे, हे त्याला समजावून सांगण्याइतकी माझी डच भाषा तेव्हा पक्की नव्हती.

त्या शनिवारी मी आणि नवरा हातमोजे घ्यायला दुकानात गेलो. दुकानातल्या तरुणाने टेप काढून माझ्या तळव्याचा घेर मोजला आणि तो ७ इंच भरल्यामुळे माझे माप ७ असल्याचे जाहीर केले. इतके सरळ गणित मला अपेक्षित नव्हते. आमच्याकडे कासाराकडे बसले की माझे माप ‘दोन-चार’ असते, ‘ताई, हात सैल सोडा’ असे तीनदा सांगितले जाते आणि बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकली की माप बरोबर निघाले असे मानतात. त्या सवयीने मी हाताला चापून बसणारी जोडी निवडली, तेव्हा त्या मुलाने ती हळूच काढून घेतली. घट्ट हातमोज्यात हवेचा थर राहत नाही आणि बोटांचे उरलेसुरले रक्तही दाबले जाते, म्हणून तो सैल मोज्यापेक्षा गार असतो, असे त्याने सांगितले. एरवी अंगाला बसतो तो कपडा आपला, अशी माझी समजूत असल्यामुळे हे पचायला वेळ लागला.

यानंतर त्याने ऊब, जलरोध आणि बोटांची हालचाल या तीन गोष्टी सांगितल्या आणि यांतल्या दोन तुम्हाला मिळतील असा त्याचा चेहरा झाला. पाणी अडवतो तो मोज्याच्या आतला पातळ पडदा. १९६९ साली बॉब गोर यांनी तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला वैतागून हिसका दिला आणि ती तुटण्याऐवजी ताणली गेली, तेव्हापासून असे पडदे निघाले आहेत. नॉनस्टिक तव्यावर आणि नळाच्या आट्यांवर प्लंबर गुंडाळतो त्या पांढऱ्या फितीत असते तेच हे टेफ्लॉन. ताणल्यामुळे त्याला पडलेली भोके पाण्याच्या थेंबाला शिरता येणार नाही इतकी लहान आणि घामाच्या वाफेला सहज निसटता येईल इतकी मोठी असतात. ‘‘म्हणजे आत कोरडे राहते,’’ मी म्हणाले. ‘‘बाहेरचे कापड चिंब होईपर्यंत,’’ तो म्हणाला. कापड चिंब झाले की वाफेची वाट बंद होते आणि माणूस पावसाऐवजी स्वतःच्याच घामाने भिजतो. मी एका मोज्याच्या अंगठ्याच्या पाठीवर शिवलेल्या टॉवेलसारख्या मऊ तुकड्याकडे बोट दाखवून तो कशाला, असे विचारले. त्याने क्षणभर खाली पाहिले आणि घाम पुसायला, असे उत्तर दिले. २ अंशांत कपाळावर घाम कुठून येणार, असा प्रश्न मला पडला होता. पुढच्याच आठवड्यात, पुलावर, नाक गळू लागले तेव्हा त्या मुलाच्या सभ्यतेविषयी मला आदर वाटला.

नवरा एव्हाना दुकानातल्या प्रत्येक मोज्याच्या आतल्या चिठ्ठ्या वाचत होता. युरोपात थंडीपासून वाचवणाऱ्या हातमोज्यांसाठी ईएन ५११ नावाचे मानक आहे आणि त्यात हिमकणाच्या चित्राखाली तीन आकडे छापतात, हा शोध त्याने आदल्या रात्री लावला होता. हवेतून येणारी थंडी आणि गार वस्तूला हात लावल्याने येणारी थंडी यांना ० ते ४ असे गुण असतात. पाण्याला मात्र ० किंवा १ एवढेच. हे मानक मुख्यतः कामगारांच्या हातमोज्यांना लावतात, त्यामुळे सायकलच्या एकाही मोज्यावर त्याला हिमकण सापडला नाही. म्हणून घरी आल्यावर त्याने एक्सेलमध्ये स्वतःचा तक्ता उघडला आणि परीक्षक म्हणून माझे नाव घातले.

पहिली जोडी जाड, काळी आणि आतून मऊ अस्तराची होती. तिने ऊब दिली आणि पहिल्या दिवशी पाणीही अडवले. घोटाळा सायकलतळाच्या दाराशी झाला. तिथे यंत्राला कार्ड टेकवावे लागते, कार्ड पर्समध्ये होते आणि पर्सची चेन त्या अस्वलाच्या पंजाने उघडत नव्हती. म्हणून मी ओलसर झालेला हात बाहेर ओढला आणि त्याच्याबरोबर मोज्याची पाचही अस्तरे बाहेर आली. कार्ड टेकवल्यावर हात पुन्हा घालायला गेले, तर अस्तराची बोटे आत कुठेतरी अर्ध्यात गोळा होऊन बसली होती. माझी करंगळी अनामिकेच्या घरात, मधले बोट कोणाच्याच घरात नाही, आणि मागे सायकलस्वारांची रांग. परकराची आत गेलेली नाडी बाहेर आणण्याचे शास्त्र ज्यांना अवगत आहे त्यांनाच या कामाची कल्पना येईल. फरक इतकाच, की नाडी एक असते आणि बोटे पाच. शेवटी मी कार्यालयात जाऊन ती एकेक करून पेन्सिलीने आत ढकलली. नवऱ्याने तक्त्यात ‘बोटांची हालचाल’ या रकान्यात काय लिहावे असे विचारले, तेव्हा मी त्याला काही सुचवले, पण ते त्याने लिहिले नाही.

दुसरी जोडी निओप्रीनची होती. पाणबुड्यांचे पोशाख याच रबरी कापडाचे करतात आणि त्यामागचा विचार वरकरणी उदात्त आहे: पाण्याशी भांडायचेच नाही, ते थोडे आत येऊ द्यायचे, अंगाच्या उष्णतेने तापवायचे आणि मग तिथेच धरून ठेवायचे. हात ओले असूनही खरोखर गरम राहिले, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. परंतु त्या उबदार, दमट, अंधाऱ्या जागेत तीन दिवसांत असा वास तयार झाला, की सकाळी खुंटीजवळून जाताना नवऱ्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून, ‘‘अगं, मटकीला मोड आले बहुतेक,’’ असे ओरडून सांगितले. मटकी आम्ही भिजवलीच नव्हती.

तिसरी जोडी खेकड्याच्या नांगीसारखी होती. तिच्यामागचा हिशेब असा, की पाच बोटांच्या मोज्यात प्रत्येक बोट स्वतंत्र फ्लॅटमध्ये एकटेच कुडकुडत असते आणि थैलीसारख्या मोज्यात चार बोटे एकत्र कुटुंबात एकमेकांच्या उबेने राहतात, पण त्या कुटुंबाला ब्रेक दाबण्यावर एकमत करता येत नाही. इथल्या आजीबाईछाप सायकलींना पेडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो, त्यामुळे इथल्या लोकांना थैल्या परवडतात. माझ्या सायकलचे ब्रेक हाताने दाबायचे आहेत. नांगीत दोन-दोन बोटांची दोन बिऱ्हाडे असतात, अंगठा वेगळा राहतो आणि सगळ्यांत आधी तोच गारठतो. किंमत ६४ युरो होती. तिला नव्वदने गुणायचे नाही असे आम्ही दुकानात शिरतानाच ठरवले होते. बाहेर पडताना दोघांनीही मनात गुणले होते. पण त्या जोडीने मी जानेवारीचे दोन आठवडे सुखात काढले.

तिसऱ्या आठवड्यात सरळ, लांब, आडवा पाऊस सुरू झाला आणि त्या दिवशी मोज्याचे तोंड रेनकोटच्या बाहीवर घ्यावे की बाहीच्या आत, या प्रश्नाने माझी परीक्षा पाहिली. मी ते बाहीवर घेतले होते, कारण ते तसे दिसायला नीटनेटके वाटते. सायकलवर ताठ बसले की हात कोपरापासून खाली मुठीकडे उतरता असतो. त्यामुळे खांद्यावर पडलेला पाऊस बाहीवरून ओघळत, पन्हळीतून हौदात यावा तसा थेट मोज्यात आला. दुसऱ्या दिवशी मी तोंड बाहीच्या आत घेतले. कालव्यापर्यंत हात कोरडे होते. पण इथे वळताना हात दाखवावा लागतो, आणि पुढच्या चौकात मी डावीकडे वळण्यासाठी तो सांगितल्याप्रमाणे लांब, उंच, ठळकपणे दाखवला, त्याबरोबर मोज्यावर साठलेले सगळे पाणी बाहीच्या आतून माझ्या काखेत उतरले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मला इतक्या शब्दशः कधी भेटले नव्हते. नवऱ्याने तक्त्यात तिन्ही जोड्यांपुढे पाण्याच्या रकान्यात ० घातला. बाही आणि मोजा यांत दोष कोणाचा, असा मुद्दा मी मांडला, परंतु त्याचे मानक कठोर होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुलाच्या माथ्यावर आईचा फोन आला. हिवाळ्यात भारत आमच्या साडेचार तास पुढे असतो, त्यामुळे माझी कार्यालयाची घाई आणि तिची दुपारची जेवणे उरकल्यानंतरची सवड नेमकी एकत्र येतात. मी कडेला थांबले. मोज्याच्या टोकाला फोनसाठी म्हणून लावलेले खास कापड ओले झाल्यावर फोनला पटत नव्हते, म्हणून डावा मोजा दातांनी ओढून काखेत धरला. ‘‘अगं, एवढी थंडी आहे तर मग बसने जा की,’’ आई म्हणाली. मी तिला डच लोक, साखर आणि सायकलतळ असे सगळे समजावले आणि निघाले. स्थानकावर पोचल्यावर माझ्याकडे उजवा मोजा होता.

इथे रस्त्यात सापडलेली वस्तू जवळच्या खांबावर किंवा कुंपणावर ठेवून द्यायची पद्धत आहे, त्यामुळे हिवाळ्यात कितीतरी खांब येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत उभे असतात. माझा मोजा चार दिवसांनी शाळेजवळच्या कुंपणाच्या जाळीत दिसला. कोणीतरी तो बोटे खाली आणि तोंड वर करून खोचला होता, आणि मधल्या चारही रात्री पाऊस पडला होता. मी तो उचलायला गेले तर हाताला दुभत्या गाईच्या कासेइतका जड लागला. तिन्ही कप्पे तट्ट फुगले होते आणि तोंडाशी पाणी काठोकाठ होते. मी तो तसाच डोळ्यांसमोर धरून, फिरवून, खालून शिवणी पाहिल्या. कुठूनही थेंब गळत नव्हता.

संध्याकाळी मी हे सांगितल्यावर नवऱ्याने तक्ता उघडला, तिसऱ्या जोडीपुढचा ० खोडला आणि तिथे १ लिहिला.