मार्केटिंगमधल्या दोन पिढ्या आणि नागपूरचा कूलर

मार्केटिंगच्या कामात तरुणांनी ज्येष्ठांना मोबाइल शिकवावा आणि ज्येष्ठांनी तरुणांना शिस्त शिकवावी, अशी एक सोयीची वाटणी अनेक कार्यालयांत गृहीत धरलेली असते. मला ती मुळीच मान्य नाही, कारण दोन्ही पिढ्यांकडे जे खरे ज्ञान असते, ते या वाटणीत बाजूलाच राहते.

आपल्या नागपुरातला कूलरचा धंदा पाहा. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या शहरात कूलर ही चैन नव्हे, आणि त्याच्या विक्रीचे गणित होळीच्या आधीच मांडावे लागते. ज्यांनी इतवारी, गांधीबाग आणि सीताबर्डीच्या दुकानांत वर्षानुवर्षे फेऱ्या मारल्या आहेत, त्यांना कोणता डीलर गोदाम केव्हा भरतो, कोणाची उधारी किती दिवस थकते आणि कोणाच्या केवळ शब्दावर माल सोडता येतो, हे तोंडपाठ असते. हे ज्ञान कुठल्याही तक्त्यात नसते. ती व्यक्ती निवृत्त झाली की तिच्याबरोबर तेही कार्यालयातून निघून जाते.

आमच्या कार्यालयात मागे एका उन्हाळ्यात असे झाले, की जाहिरातीवर क्लिक भरपूर येत होते, व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशाही येत होत्या, पण खरेदी त्या मानाने अगदी कमी होती. जाहिरात सांभाळणाऱ्या तरुण सहकारी मुलीने मजकूर आणि चित्र बदलायचे ठरवले होते. तेवढ्यात विक्री विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते सगळे संदेश शांतपणे वाचले आणि म्हणाले, “बेटा, हे लोक नवा कूलर घ्यायला नाही आले, जुना चालू करायला आले आहेत.” ऊन तापू लागले की नागपूरकर आधी कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या गवती जाळ्या, बदलतो, पंप बदलतो, आणि तेवढ्याने भागले नाही तरच नव्या कूलरचा विचार करतो, हे त्यांनी दुकानाच्या काउंटरवर उभे राहून पाहिले होते. त्यानंतर जाहिरातीत आधी ताट्या आणि पंप आले, आणि जुना कूलर देऊन नवा घेण्याची योजना पुढे ढकलली गेली.

मात्र त्याच संदेशांतून त्या मुलीने ज्येष्ठांनाही एक गोष्ट दाखवली, आणि मला ती तितकीच मोलाची वाटते. चौकशी करणाऱ्यांत भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुले-मुली बऱ्याच होत्या. त्यांना खोली बदलताना सहज नेता येईल असा लहान कूलर हवा होता. हा ग्राहक डीलरच्या दुकानात फारसा येतच नसल्यामुळे इतक्या वर्षांच्या फेऱ्यांत तो कधी भेटला नव्हता. त्या ज्येष्ठांनी मग स्वतः डीलरांशी बोलून लहान कूलर ठेवायला लावले, आणि डीलरांनी ते ऐकले ते त्यांच्या शब्दासाठी. आमच्या आलेखांनी ते काम झाले नसते.

जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्श यांनी १९९९ मध्ये आपल्या ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकून घ्यायला सांगितले होते. ते धाडस मोठे होते. पण त्याच्या अनुकरणातून निघालेल्या पुष्कळ उपक्रमांत ज्येष्ठ केवळ विद्यार्थी ठरतात आणि तरुण केवळ यंत्र जुळवून देणारे. निर्णय घ्यायची वेळ आली की त्या तरुणाला बैठकीतही बोलावले जात नाही. याचा मला मनापासून राग येतो.

जाहिरातीतल्या दाव्यांच्या बाबतीतही दोन्ही पिढ्यांचे ज्ञान लागते. वर्तमानपत्रात चौरस सेंटीमीटरच्या हिशेबाने जागा घेणाऱ्या पिढीला प्रत्येक शब्द तोलायची सवय होती, कारण छापून गेलेला दावा मागे घेता येत नसे. आज पोस्ट काढून टाकता येते खरी, परंतु तिचे छायाचित्र कोणाकडे तरी उरतेच. दुसरीकडे, एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) आणलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे लागते, आणि ते नेमके कुठे व कसे लिहायचे याची जाण आमच्याकडे तरुणांनाच अधिक आहे.

मला वाटते, स्वतंत्र प्रशिक्षणवर्ग भरवण्यापेक्षा एकच काम दोघांच्या नावावर द्यावे. नव्या माणसाने हंगामापूर्वी ज्येष्ठांबरोबर बाजार फिरावा, उधारीच्या वसुलीलाही सोबत जावे. आणि जाहिरातीचा आठवड्याचा खर्च ठरतो तेव्हा ज्येष्ठांनी त्या टेबलावर बसून प्रश्न विचारावेत. वार्षिक मूल्यमापनात दोघांचे यश एकत्र मोजावे, म्हणजे माहिती स्वतःपाशी दडवून ठेवण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही. आपल्याकडची हुशार मुले दोन-तीन वर्षांत पुण्या-बंगळुरूकडे जातात अशी तक्रार इथले मालक नेहमी करतात. त्यांनी या मुलांना खर्चाचा एखादा तरी निर्णय स्वतःच्या सहीने घेऊ द्यावा, आणि तोही याच हंगामात.