सम्राट यंत्राच्या ‘दोन सेकंदां’बद्दल

जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतल्या बृहत् सम्राट यंत्राच्या, म्हणजे अवाढव्य दगडी सूर्यघड्याळाच्या, फोटोखाली एक मजकूर फिरतो: सावली दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखवते, ती हातातल्या घड्याळाशी तंतोतंत जुळते, आणि यंत्र प्रचंड आहे म्हणूनच हे शक्य होतं.

दोन सेकंदांच्या रेघा आहेत, हे खरं. मधल्या तिरप्या भिंतीची सावली ज्या कमानीवर पडते, तिची त्रिज्या सुमारे १५ मीटर, त्यामुळे सावली सेकंदाला १.१ मिलिमीटर सरकते आणि तेवढ्या बारीक रेघा मावतात. पण सावलीची कड नेमकी कुठल्या रेघेवर आहे? सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची थाळी आहे. १५ मीटरवर त्या कडेचा सुमारे १४ सेंटिमीटर रुंद धूसर पट्टा होतो. वेळेत मोजला तर दोन मिनिटांहून जास्त! नुसत्या डोळ्यांनी दोन सेकंद वाचता येत नाहीत.

वाचायची रीत वेगळी. बारीक दोरा भिंतीच्या कडेला समांतर ताणून कमानीवरच्या रेघांच्या सेंटिमीटरभर वर धरायचा आणि धूसर पट्ट्यातून सरकवायचा. त्याची सावली गडद छायेत विरून दिसेनाशी होते, तिथली रेघ घ्यायची. ही वेळ सूर्याच्या एका कडेची. केंद्रासाठी सुमारे ६४ सेकंदांची दुरुस्ती लागते. अशानं काही सेकंदांपर्यंत पोचता येतं, आणि ते खरोखर थक्क करणारं आहे.

मोठेपणाचं म्हणाल तर त्रिज्या दुप्पट केली की धूसर पट्टाही दुप्पट होतो. फायदा दुसरीकडे आहे. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात मिलिमीटरची चूक दीड मिनिटाला पडते, इथे जेमतेम सेकंदाला. पितळी यंत्रं लहान, त्यांचे आस झिजतात, ती हलतात, म्हणून हे यंत्र उभारणाऱ्या राजा सवाई जयसिंहानं दगड-चुना निवडला.

पण २७ मीटर उंच भिंतीची तिरपी कड खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसतं त्याकडे, रोखलेली ठेवणं सोपं नाही. पाया खचून कड सेंटिमीटरभर बाजूला गेली, की नऊ सेकंद गेले. शिवाय जूनमध्ये कडेचा वरचा भाग सावली टाकतो, डिसेंबरमध्ये खालचा; दोन्हींत सुमारे १३ मीटरचं अंतर. एका जागी कड वाकडी असेल तर ठरावीक महिन्यांतच वेळ चुकते आणि दोष लवकर सापडत नाही.

घड्याळाशी जुळण्याचा दावा तर साफ चूक. यंत्र जयपूरची स्थानिक सौर वेळ दाखवतं. रेखांशामुळे ती प्रमाणवेळेच्या जवळजवळ २७ मिनिटं मागे असते, त्यात पृथ्वीच्या कक्षेचा आणि कललेल्या आसाचा परिणाम मिसळतो. म्हणून यंत्राच्या वेळेत फेब्रुवारीच्या मध्याला ४१ मिनिटं मिळवावी लागतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला फक्त १०.