‘व्होल्टेज नाही? एव्हीआर बदला’: लष्करी जनसेटबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेले डिझेल जनसेट (जनरेटर संच) घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: हे सेट बिघडत नाहीत, इंजिन चालतंय पण व्होल्टेज येत नसेल तर एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) गेलेला असतो, तोवर बॅटरीने फ्लॅश मारून (फील्ड वाइंडिंगला क्षणभर बाहेरून डीसी वीज देऊन) काम चालवा, स्टार्टर फिरत नसेल तर कारची बॅटरी जोडा, आणि सेट मधेच बंद पडत असेल तर बॅटल शॉर्ट (इंजिनाचं संरक्षण निकामी करणारा स्विच) चालू ठेवा. या सल्ल्यापायी चांगले सुटे भाग फेकले जातात, काही वेळा इंजिनही हातचं जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हे सेट बिघडत नाहीत.’ ठरलेल्या वेळापत्रकाने देखभाल होत होती तोवर हे बरंचसं खरं होतं. लिलावात येणारा सेट मात्र अनेकदा दीर्घकाळ उभा असतो. वाइंडिंगमध्ये दमट हवा शिरते, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, उंदीर हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडतात. म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याआधी एव्हीआर सोडवून, फिरते डायोड (रोटरवर बसवलेले, एसीचं डीसी करणारे) शॉर्ट करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग तपासावं. अशा लो व्होल्टेज मशीनला ५ मेगओमपेक्षा कमी वाचन आलं तर आधी वाळवणं, मग बाकी सगळं. त्याही आधी डेटा प्लेट वाचावी. एमईपी-८०३ए हा १० किलोवॉट, ६० हर्ट्झचा सेट; एमईपी-८१३ए दिसायला जवळजवळ तसाच, पण ४०० हर्ट्झचा. ४०० हर्ट्झच्या सेटवर साधी मोटर नीट चालत नाही, याला बिघाड म्हणत नाहीत, आणि कुठलाही एव्हीआर बदलून त्याचे ६० हर्ट्झ होणार नाहीत.

आता मुख्य मुद्दा: ‘इंजिन चालतंय, व्होल्टेज नाही, म्हणजे एव्हीआर गेला.’

पहिला प्रश्न, व्होल्टेज नक्की कुठे नाही? पॅनलवरचा व्होल्टमीटर कॉन्टॅक्टरच्या (जनरेटरची वीज आउटपुटला जोडणाऱ्या, कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचच्या) अलीकडचं, म्हणजे जनरेटरच्या बाजूचं व्होल्टेज दाखवतो. तिथे आकडा आहे आणि आउटपुटच्या लगवर (वायर जोडायच्या टोकावर) शून्य आहे, तर कॉन्टॅक्टर ओढलेला नाही. मग त्याची कॉइल, एसी इंटरप्टर स्विच आणि ओव्हरलोड-शॉर्ट सर्किटचे रिले बघायचे. एव्हीआरचा इथे काही संबंधच नाही. तरी एव्हीआर बदलण्याचे बरेचसे किस्से इथूनच सुरू होतात.

पॅनलवरही शून्य असेल तर सुरू करण्याची पद्धत तपासावी. एमईपी-८०२ए (याच मालिकेतला लहान सेट) आणि ८०३ए या सेटमध्ये मास्टर स्विच ‘स्टार्ट’वर धरलेला असतानाच फील्डला बॅटरीतून फ्लॅशिंग मिळतं. इंजिनाने पेट घेताच स्विच सोडला तर व्होल्टेज उभंच राहत नाही. ऑइल प्रेशर आणि व्होल्टेज दोन्ही येईपर्यंत स्विच धरून ठेवायचा असतो.

इतकं करूनही काही नसेल, तर अंदाज न बांधता मशीन आणि रेग्युलेटर वेगळे करून मोजावं. लोड काढा. एव्हीआरच्या सगळ्या वायरी सोडवून टोकं इन्सुलेट करा. आउटपुटचं व्होल्टेज आणि फेज ठरवणारा निवड स्विच तीन फेजवर ठेवा. इंजिन १८०० आरपीएमवर आणा आणि एक्सायटर (मुख्य जनरेटरच्या फील्डला वीज पुरवणारा लहान जनरेटर) फील्डला फ्यूज लावून १२ व्होल्ट डीसी द्या. तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा. ते नेहमीपेक्षा वर जाऊ शकतं, म्हणून हात दूर ठेवा आणि चाचणी थोडक्यात आटपा.

तिन्ही वाचनं सारखी आणि भरपूर आली तर मशीन ठीक आहे. मग एव्हीआरला मिळणारी वीज, त्याच्या सेन्सिंग वायरी आणि पॅनलवरचा व्होल्टेज ॲडजस्ट पॉट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा नॉब) तपासा. या पॉटची एक वायर तुटली तरी व्होल्टेज तळाला जातं किंवा उसळतं, आणि दोष रेग्युलेटरच्या माथी बसतो. तिन्ही वाचनं सारखीच पण फार कमी असतील तर फिरते डायोड किंवा एक्सायटर. प्रत्येक डायोडचं एक टोक सुटं करून मल्टीमीटरने बघा: एका दिशेने साधारण अर्धा व्होल्ट आणि उलट दिशेने ओपन दाखवणारा डायोड चांगला. वाचनं एकमेकांपासून वेगळी असतील तर मुख्य स्टेटर (जनरेटरची स्थिर वाइंडिंग) किंवा निवड स्विचचे कॉन्टॅक्ट. हे स्विच वर्षानुवर्षं एकाच जागी राहतात आणि आतून काळे पडतात. या सगळ्या चाळणीतून गेल्यावरच एव्हीआरवर बोट ठेवावं.

शिवाय वेग बघितल्याशिवाय व्होल्टेजबद्दल काही बोलूच नये. चार पोलच्या मशीनला ६० हर्ट्झसाठी १८०० आरपीएम लागतात. वेग पडला की अनेक रेग्युलेटर मशीन वाचवण्यासाठी स्वतःहून व्होल्टेज उतरवतात. तिथे दुखणं गव्हर्नरचं (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणाऱ्या भागाचं) किंवा डिझेल फिल्टरचं असतं.

‘बॅटरीने फ्लॅश मारा.’ एव्हीआर जोडलेला असताना फील्डवर बॅटरी टेकवली आणि टोकं उलटी लागली, तर चांगला एव्हीआरही जळू शकतो. दुसरं असं की सेटमध्ये फ्लॅशिंगची सोय मुळात आहे. ती चालत नसेल तर स्विच, रिले, डायोड किंवा वायर यांपैकी काहीतरी तुटलेलं आहे. दर वेळी बाहेरून फ्लॅश मारून तो दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

‘कारची बॅटरी जोडा.’ सिस्टीम २४ व्होल्टची आहे, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये. स्टार्टर फिरवताना दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एखादी ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर ती संशयित. दोन्ही टिकून असतील तर बॅटरीच्या माइनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप बघा. रंगाखाली गंजलेला अर्थिंगचा बोल्ट नवीन बॅटरीलाही दाद देत नाही.

राहिला बॅटल शॉर्ट. या सल्ल्यातला हा सर्वात घातक भाग आहे आणि तो पुढे पाठवणाऱ्यांनी ताबडतोब थांबवावा. कमी ऑइल प्रेशर आणि जास्त तापमान यांचं संरक्षण हा स्विच निकामी करतो. लढाईत वीज जाण्यापेक्षा इंजिन गेलेलं परवडतं, त्या क्षणासाठी तो बसवलेला आहे. सेट बंद पडला की स्विचला हात लावण्याआधी फॉल्ट पॅनलवर कोणता दिवा लागलाय ते लिहून घ्या, कारण रिसेट केल्यावर ती खूण पुसली जाते. ऑइल प्रेशरचा दिवा असेल तर यांत्रिक गेज लावून खरं प्रेशर मोजा. प्रेशर ठीक निघालं तर स्विच किंवा त्याची वायर खराब आहे, ती बदला. प्रेशर खरंच कमी असेल तर सेट पुन्हा सुरू करू नका.